बॉलिंग्टनचा पोरगा आणि आमच्या वाडीची शाळा

आमच्या भावकीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय पेटलाय. 20 पेक्षा कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा बंद करून मुलांना मोठ्या समूह शाळेत न्यावं की नाही? सरकारनं 2023 मध्ये समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हापासून हा वाद अधूनमधून डोकं वर काढतो. यावेळी बोलणं आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या वाडीच्या शाळेवर आलंय, कारण तिचा पट आहे 11. पुण्यात बाणेरला राहणारा माझा चुलतभाऊ लिहितो, "अकरा पोरांत कसली स्पर्धा? बस द्या, चांगली शाळा द्या. थोडं लांब पडेल, एवढंच. इंग्लंडात असंच असतं, विचारा याला."

विचारलंच आहेस दादा, तर ऐक.

मी इंग्लंडातल्या मॅकल्सफील्डला राहतो. इथून गाडीनं दहा मिनिटांवर बॉलिंग्टन हे जुन्या सूतगिरण्यांचं गाव आहे. अणूतल्या न्यूट्रॉन या कणाचा शोध लावणारा शास्त्रज्ञ जेम्स चॅडविक तिथे 20 ऑक्टोबर 1891 रोजी जन्मला. वडील गिरणीत सूत कातायचे, आई लोकांकडे घरकाम करायची. पोटापाण्यासाठी आईवडील मँचेस्टरला गेले आणि पोरगा आजोळी राहिला. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. निम्मी वाडी अशीच वाढली.

तो बॉलिंग्टन क्रॉसच्या शाळेत गेला. ती गावातच होती आणि तिथे पैसे पडत नव्हते. तो जन्मला त्याच वर्षी कायदा होऊन इंग्लंडातलं प्राथमिक शिक्षण जवळजवळ मोफत झालं होतं. पुढे त्याला मँचेस्टर ग्रामर स्कूलमध्ये शिष्यवृत्तीवर जागा मिळत होती. तरीही थोडी फी उरत होती, आणि तेवढीही घरच्यांना झेपली नाही. जागा सोडून तो सेंट्रल ग्रामर स्कूलमध्ये गेला.

ही "थोडी फी" माझ्या डोक्यातून जात नाही. पैसे मागणाऱ्याला ती थोडी वाटली असणार. "थोडं लांब पडेल" हेही तसंच. आमच्या वाडीतून मोठ्या शाळेकडे जायचं तर मध्ये वहाळ आहे, त्यावर साकव आहे, आणि जुलैत साकवावरून पाणी जातं. बस येणार ती डांबरी रस्त्यापर्यंत. तिथवर सहा वर्षांच्या पोरीला कोण सोडणार? आई लावणीला गेलेली असते. पहिलीतल्या एका मुलीच्या आईला मी फोन केला, तर ती सरळ म्हणाली, "भावजी, पावसात मी नाय पाठवणार." पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, हा शिक्षण हक्क कायद्याचा नियम अशाच आयांसाठी केला होता.

दादाचं यावर उत्तर तयार होतं. तुझा चॅडविक कॉलेजला रोज चार मैल चालतच जायचा ना? जायचा. चार मैल जायला, चार मैल यायला, कारण खोली घेऊन राहणं परवडत नव्हतं. पण तो 1908 मध्ये मँचेस्टरच्या विद्यापीठात गेला तेव्हा सतराव्या वर्षात होता आणि दोन शिष्यवृत्त्या जिंकून आला होता. तोवर कुणीतरी त्याला घराजवळ वाचायला, गणित करायला शिकवलेलं होतं. खरं तर त्याला गणितच घ्यायचं होतं. चुकून तो पदार्थविज्ञानाच्या मुलाखतीला बसला आणि भिडेपोटी बोलला नाही. असा बुजरा मुलगा. मोठ्या शाळेच्या गर्दीत त्याला कुणी विचारलं असतं का, मला शंका आहे. विद्यापीठात त्याला शास्त्रज्ञ रदरफर्ड भेटले, तेही न्यूझीलंडच्या खेड्यातल्या शाळेत शिकलेले. 1911 मध्ये चॅडविकला प्रथम वर्ग मिळाला. नंतर बर्लिनला गायगर या शास्त्रज्ञाकडे गेला, पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरच्या रूलेबेन छावणीत अडकला. तिथल्या तबेल्यातही तो बाजारात मिळणारी किरणोत्सारी टूथपेस्ट आणून प्रयोग करत राहिला.

1932 चा न्यूट्रॉन आणि 1935 चं नोबेल सगळ्यांना माहीत आहे. अणुबॉम्बसाठी अमेरिकेत गेलेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञांचा तो प्रमुख होता, हेही. बॉम्ब आता टळत नाही असं 1941 मध्ये कळल्यावर त्याला झोपेच्या गोळ्या सुरू कराव्या लागल्या. बॉम्बसाठी मी त्याचं नाव घेत नाही. गिरणी कामगाराचं पोर तिथवर कशानं पोहोचलं, एवढंच मला दाखवायचं आहे.

आणि इंग्लंडात असंच असतं म्हणणाऱ्यांना सांगतो, इथे खेड्यातली शाळा सहसा बंद करायची नाही, हेच सरकारी धोरण आहे. बंद होतात, नाही असं नाही, पण आधी कौन्सिलनं, म्हणजे इथल्या स्थानिक संस्थेनं, कारणं द्यायची असतात, आईबापांना विचारायचं असतं. माझी मुलगी रिसेप्शनपासून, म्हणजे इथल्या शाळेच्या अगदी पहिल्या वर्गापासून, पायी जाते. कोपऱ्यावर मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई, लॉलीपॉप लेडी, उभी असते, मुलीचं नाव तिला पाठ आहे. हे इथे साध्या नोकरदाराच्या मुलीला मिळतं आणि तिकडे ते मागितलं की तुम्ही मला भावनिक म्हणता, याचा मला राग येतो.

शेवटी दादानं जे लिहिलं ते मात्र लागलं. "पट कमी कुणी केला? तू, मी, आपण सगळे." खरंय. माझ्या बरोबरीची सगळी मुंबई, पुणे, दुबईला पांगली. आमची पोरं तिथे असती तर ही शाळा कुणाच्या यादीत आलीच नसती. माझी मुलगी गणपतीत वाडीवर येते तेव्हा त्या शाळेच्या जांभ्याच्या पायरीवर बसून मोबाईल बघते. तिला ती माझी शाळा म्हणून माहीत आहे, तिची नाही. मला इथे कुणी इथला समजत नाही आणि तिथे आता पाहुणा म्हणून पहिला चहा मिळतो.

पण उरलेली अकरा मुलं ज्यांना निघता आलं नाही त्यांची आहेत, आणि आम्ही निघालो याचा दंड त्यांनी का भरायचा? पुढच्या ग्रामसभेत शाळा जागेवरच ठेवण्याचा ठराव मांडणार आहेत. मला तिथे मत नाही. दादाचं नाव अजून गावच्या मतदार यादीत आहे, तेव्हा त्यानं त्या दिवशी बाणेरहून यावं आणि त्या मुलीच्या आईसमोर उभं राहून "थोडं लांब पडेल" हे म्हणून दाखवावं.