मैफल नवी करून देण्यात येईल

शास्त्रीय गायनाची मैफल 'नव्या रूपात' सादर करायचं ठरवलंय? अभिनंदन. रियाजाचं नंतर बघू, आधी पोस्टर. त्यावर डोळे मिटलेला तुमचा फोटो, मागे धूर, आणि नावात 'गायन' हा शब्द नको. 'नाद', 'प्रवास', 'अनुभूती' यांतले कुठलेही दोन चालतील. सोलापूरच्या हुतात्मा स्मृति मंदिर नाट्यगृहाची तारीख मिळाली की निम्मं काम झालं.

तबलजी ठेवा, पण त्याच्या कानाला हेडफोन लावा. म्हणजे त्याला तुम्ही ऐकू येणार नाही, लॅपटॉपवरचा लूप येईल. लूप चार मात्रांचा. आता रूपक तालात गायलात तर पंचाईत: तुमच्या सात मात्रा, त्याच्या चार, दोघांची गाठ पडणार थेट २८ मात्रांनी. तोवर तुमची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, त्याच्या चौथीवर, मग तिसरीवर, मग दुसरीवर आदळत राहणार. घाबरू नका. लूप बदलायचा नसतो, बंदिशच आठ मात्रांच्या केरव्यात कोंबायची. सातांची आठ करताना जी मात्रा उरते, तिथे हात वर करून श्रोत्यांकडून टाळी घ्या.

कीबोर्ड हवाच. दरबारी रागातला गंधार हा स्वर गळ्यात झुलतो, कीबोर्डवरचा जागचा हलत नाही. तुम्हीही हलवू नका. पुढच्या रांगेतला एखादा कानसेन कुरकुरेलच. त्याला सांगा, १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती, तेव्हाही पेटीबद्दल हीच तक्रार होती. आणि आज पेटीशिवाय मैफल ओकीबोकी वाटते. (हे खरं आहे, म्हणूनच जरा घाईत सांगा. पेटीवाले गवयाच्या गळ्यामागून जायला शिकले, हा पुढचा भाग त्याला आठवायला नको.)

मिश्रण कशाचं? परदेशी असेल त्याचं. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी खरहरप्रिया आणि सावेरी हे दक्षिणेतले राग रेकॉर्डवर गायले, पण पोस्टरवर 'फ्यूजन' लिहायचं राहिलं, मार्केटिंग कच्चं. कुमार गंधर्वांनी माळव्यातल्या लोकधुनांतून राग घडवले, त्यात वर्षं गेली. तुमच्याकडे शनिवार दुपार आहे. इथे सोलापुरात सिद्धरामेश्वरांची बाराव्या शतकातली कन्नड वचनं आहेत, पूर्व भागात तेलुगू भजनं आहेत, आणि पंढरीचा अभंग तर घरचाच. पण जे रिक्षाने जाऊन ऐकता येतं त्याला ग्लोबल कोण म्हणेल? त्यापेक्षा इंटरनेटवरून एखादं वाद्य उतरवून घ्या, ज्याचं नाव निवेदिकेलाही उच्चारता येणार नाही.

विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला बडा ख्याल मात्र अजिबात नको. आजच्या श्रोत्याला धीर नाही, असं गंभीर चेहऱ्याने म्हणायचं. तोच श्रोता गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत पोराला खांद्यावर घेऊन मुकाट उभा असतो, ते सोडा. आलाप दोन मिनिटं. तेवढ्यात राग ओळखता आला नाही तर ती श्रोत्याची 'अनुभूती'.

आभारप्रदर्शन तेवढं पूर्वापार पद्धतीने होऊ द्या. तिथे काटछाट केलेली गावाला खपत नाही. प्रायोजक, त्यांचे मेहुणे, माजी अध्यक्ष, आजी अध्यक्ष, मंडपवाले, प्रत्येकाला नाव पुकारून स्टेजवर बोलवा, चादर पांघरा, फोटो काढा. अगदी विलंबित लयीत, एकेका नावाची सावकाश बढत करत. तेवढ्या वेळात लॅपटॉपवाल्याला लूप बंद करायचं बटण सापडेल.