लाइन गेली!

परवा रात्री पुण्याच्या मावसभावाशी फोनवर बोलत होतो. मधेच पंखा थांबला. मे महिन्यात नागपुरात पंखा थांबणं म्हणजे काय, ते भोगलेल्यालाच ठाऊक. मी म्हटलं, "थांब रे, लाइन गेली." तो म्हणे, "मग तुझा आवाज कसा येतोय?"

त्याला फोनची लाइन वाटली. त्यांच्याकडे लाईट जातात, आमच्याकडे लाइन जाते. आली की मोहल्ल्यातली पोट्टी एका सुरात ओरडतात, "आली रे!"

मग त्यानं माझी शाळाच घेतली. साधा मराठी शब्द का वापरत नाही म्हणे. अरे, कोणता वापरू? वहीत ओळ, भूमितीत रेषा, रेशनच्या दुकानापुढे रांग. आपल्याकडे तीन शब्द, इंग्रजाचं तिन्हीकडे एकावरच भागतं. गरीब कोण मग? उलट त्याचा तो एकुलता शब्द आपणच कामाला लावला. पोरानं बारावीनंतर कोणती लाइन घेतली? कॉलेजात लाइन मारत फिरायचा, बापानं दोन ठेवून दिल्या तेव्हा लाइनीवर आला. यातलं किती त्याच्या डिक्शनरीत सापडेल?

सिव्हिल लाइन्स आणि पोलीस लाइन टाकळी मात्र त्यांचीच देणगी. छावणीत तंबू, बराकी रांगेनं असायच्या, त्यावरून वस्तीलाच लाइन्स म्हणू लागले. आता सीताबर्डीला मेट्रोच्या ऑरेंज आणि अ‍ॅक्वा लाइन भेटतात.

डेडलाइनचा जन्म तर तुरुंगातला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या कैदखान्यात कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. कैद्यानं ती ओलांडली की गोळी. आमचे साहेब शुक्रवारची डेडलाइन सांगतात तेव्हा चेहरा साधारण त्याच पहारेकऱ्याचा असतो.

पण मला खरी गंमत वाटली ती या शब्दाच्या मुळाची. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस. हो, आपलं चटणीचं जवस! त्याच्या खोडातून निघणाऱ्या धाग्याची दोरी ती लिनिया. ताणून धरली की सरळ रेघ, तीच पुढे लाइन. लिनन त्याच घरचं, कोटाचं लायनिंगही. अस्तर लिननचं असायचं ना!

हे सगळं भावाला सांगत होतो, तर स्वयंपाकघरातून ठक ठक आवाज. आईनं जवस भाजून ठेवलं होतं. लाइन नाही, मिक्सर बंद, म्हणून अंधारातच खलबत्ता घेऊन बसली होती.