मूठभर भाजीचा स्वयंपाक

पाडवा होऊन दहा-बारा दिवस झाले, लातूरचे ऊन चाळिशीला टेकले आणि माझ्या ओळखीतल्या किमान चार घरांत याच आठवड्यात परसबाग बंद पडली. दरवर्षी हे असेच होते. दिवाळीनंतर मोठ्या हौसेने कुंड्या येतात, थंडीत मेथी, पालक, कोथिंबीर बऱ्यापैकी निघते, तिचे फोटो आपण सगळेच टाकतो, आणि चैत्र लागला की "आपल्याकडे उन्हाळ्यात काही येत नाही" असे म्हणून त्याच कुंड्या जिन्याखाली जातात. हे म्हणणे मला पटत नाही. चैत्र-वैशाखातही आपल्या परसात भाजी येते. मात्र ती थोडी-थोडी येते, रोज येते आणि आपण ठरवलेलीच येते असे नाही. अशा भाजीचे काय करायचे, हे आपण विसरलो आहोत. माझ्या मते बहुतेक बागा उन्हाने वाळण्याआधी स्वयंपाकघरात मरतात.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी एका रोपवाटिकेतून टोमॅटोची बारा रोपे आणली. रोपे जोमाने वाढली, मार्चअखेर फुलांनी भरली, आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात देठासकट गळलेली पिवळी फुले मी रोज सकाळी झाडूने गोळा करू लागले. दिवसाचे तापमान साधारण ३५ अंशांच्या वर राहू लागले की टोमॅटोच्या फुलातला पराग निकामी होत जातो आणि त्यात रात्रही गरम राहिली तर फळ धरतच नाही, हे मी नंतर वाचले. तोवर दोन पिशव्या खत आणि कितीतरी बादल्या पाणी घालून झाले होते. त्याच अंगणात, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, कोणीही न लावलेली घोळ छान पसरली होती आणि मी ती तण म्हणून उपटत होते. सासूबाई ओट्यावर बसून पाहत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, हातातली भाजी उकिरड्यावर टाकतीस आन् भाजी आणायला बाजारात चाललीस व्हय?"

त्या वर्षापासून मी उन्हाळ्याशी भांडणे सोडले. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत भेंडी, गवार आणि दोडका टोकायचा, तांदुळजा दर पंधरा दिवसांनी थोडा-थोडा फेकायचा, घोळ आपोआप येते ती राखायची, आणि कोपऱ्यातल्या शेवग्याला हात लावायचा नाही. भेंडीचे बी रात्रभर भिजवून लावले की पंचेचाळीस-पन्नास दिवसांत पहिली तोडणी मिळते. मी 'परभणी क्रांती' लावते. आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात, भेंडीच्या एका रानटी नातलगाशी संकर करून, पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या पिवळ्या शिरांच्या रोगाला तोंड देण्यासाठी काढलेला हा वाण आहे, आणि तो संकरित बियाण्याच्या पाकिटासारखा नसल्यामुळे त्याचे बी घरी धरता येते. आता मात्र तो या रोगापुढे पूर्वीइतका टिकत नाही. गेल्या वर्षी माझ्या दोन झाडांच्या शिरा पिवळ्या पडल्या आणि ती मी लगेच उपटून टाकली. गवारीबद्दल फार लिहीत नाही, कारण ती काही मागतच नाही.

आता पाण्याविषयी. लातूरकराने परसबागेवर लिहावे आणि पाण्याबद्दल बोलू नये, हे शक्य नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आमच्या शहरात आली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ज्या गावाने रेल्वेने आलेले पाणी प्यायले, त्या गावात नळीने कुंड्या धुऊन काढणे मला आजही बघवत नाही. त्यामुळे आमच्या घरी बागेला पाणी मिळते ते डाळ-तांदूळ धुतलेले, भाज्या धुतलेले आणि अंघोळीचे. कपड्यांच्या पावडरीचे पाणी मात्र मी बागेत सोडत नाही. त्यातल्या सोडियममुळे आपली काळी माती चिकट आणि घट्ट होते, तिच्यात हवा शिरत नाही आणि मुळे गुदमरतात. पूर्वी भांडी राखेने घासत, तेव्हा मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी जोमाने वाढत. आजच्या मोरीचे पाणी तसे राहिलेले नाही, ही गोष्ट जुन्या आठवणी सांगताना आपण विसरतो.

दोडक्याच्या दोन वेलांच्या मध्ये मी माठ पुरला आहे. गळ्यापर्यंत मातीत पुरायचा, पाण्याने भरायचा आणि वर झाकण ठेवायचे. भोवतालची माती जसजशी सुकते, तसतसे माठातून पाणी झिरपते, आणि मुळे वाट काढत माठाला बिलगतात. पहिल्या वर्षी मी यात सपशेल फसले होते. काटकसर म्हणून मागच्या उन्हाळ्यातला पिण्याच्या पाण्याचा जुना माठ पुरला, तीन दिवसांनी झाकण काढून पाहिले तर पाणी जसेच्या तसे, आणि वेल मात्र माना टाकून उभे. आमच्या बोअरच्या क्षाराने माठाची छिद्रेच बुजली होती. आता पुरण्याआधी माठ भरून तासभर सावलीत ठेवते. बाहेरून ओल सुटली तरच तो मातीत जातो. वरून सोयाबीनच्या भुसकटाचे चार बोटे आच्छादन घातले की माठ तिसऱ्या दिवशी भरला तरी चालते. पश्चिमेच्या बाजूला तुराट्या रोवून त्यांवर सासूबाईंची जुनी सुती साडी बांधली आहे. तीन ते पाचचे ऊन तेवढे तिच्यावर अडते.

आणखी एक सांगितलेच पाहिजे, कारण हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. दुपारी दोन वाजता दोडक्याची पाने मलूल होऊन लोंबू लागली म्हणजे वेल तहानलेलाच आहे असे नाही. मुळांना ओल पुरत असली तरी पानांतून त्याहून जास्त पाणी उडून जाते. तेव्हा धावत जाऊन पाणी घालू नये. सूर्य कलला की पाने आपणहून सावरतात. सकाळीही तीच पाने लोंबलेली दिसली, तर मात्र पाणी द्यावे. "वेलाला फुले खूप येतात, दोडकाच धरत नाही" ही तक्रार करणाऱ्यांनी संध्याकाळी बागेत जावे. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते. आधी नुसती नर फुले घोसाने येतात, आणि मग केव्हातरी एक मादी फूल येते, ज्याच्या मागे करंगळीच्या पेराएवढा, शिरा उमटलेला, लवदार दोडका आधीपासूनच असतो. शहरात त्या वेळी किडे फिरकले नाहीत तर तो पिवळा पडून गळतो. मी सहा-साडेसहाला ताजे नर फूल तोडते, त्याच्या पाकळ्या मागे दुमडते आणि त्याचा पराग मादी फुलाच्या मधल्या ओलसर भागावर हलकेच फिरवते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोडका लांबलेला दिसला की काम झाले.

इतके करून हाती काय येते? परवा मंगळवारी सात भेंड्या, मूठभर गवार आणि एक दोडका आला. माझी खरी तक्रार इथून सुरू होते. आपण मोबाइलवर पाहतो त्या प्रत्येक पाककृतीची सुरुवात "अर्धा किलो भेंडी घ्या" अशी होते, त्यामुळे सात भेंड्या ही आपल्याला भाजी वाटतच नाही. मग त्या फ्रिजमध्ये डब्यात जातात, चार दिवसांनी अजून सहा येतात, आणि पावशेर जमेपर्यंत पहिल्या भेंड्यांवर काळे डाग पडतात. काही जण त्याहून वाईट करतात, भेंडी झाडावरच राहू देतात. भेंडी दर दुसऱ्या दिवशी तोडली नाही तर जून होते, तिच्यात बी भरते, आणि बी भरायला लागले की झाडाचा नव्या फुलांचा हात आखडतो. म्हणजे पावशेराची वाट पाहणाऱ्या घरात झाड येणेच कमी करते, आणि आपण म्हणतो, उन्हाने गेले.

आपल्या जुन्या स्वयंपाकाला पावशेराची गरजच नव्हती. मराठवाड्याच्या जेवणातले निम्मे प्रकार मूठभर भाजी चौघांना पुरवण्यासाठीच आहेत, असे मला आता वाटते. शेवग्याची एक शेंग असली तरी भाजलेली धान्ये, हरभऱ्याची डाळ आणि मसाले दळून केलेल्या येसराची आमटी अख्ख्या घराला पुरते. ओंजळभर तांदुळजा भिजवलेल्या मुगाच्या डाळीवर आणि लसणावर निभतो. त्या मंगळवारच्या सात भेंड्या, गवार आणि अर्धा दोडका तूरडाळीच्या आमटीत चिंचेच्या कोळासह गेला. चिंचेमुळे भेंडीचा चिकटपणाही गेला. दोडक्याच्या तासून काढलेल्या शिरा मात्र आमच्याकडे वेगळ्या ठेवल्या जातात. लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात त्या मंद आचेवर परतत राहायचे; आधी पाणी सुटते, मग कडा तपकिरी होतात, आणि चमचा फिरवताना वाळक्या पाल्यासारखा कुरकुर आवाज आला की तीळ, भाजलेले शेंगदाणे, लसणाच्या चार पाकळ्या, लाल तिखट आणि मीठ घालून खलबत्त्यात ओबडधोबड कुटायचे. मिक्सरमध्ये या चटणीचा लगदा होतो. चिरण्याआधी दोडक्याची एक चकती जिभेला लावून पाहावी. पाण्याचा ताण पडला की कधीकधी तो कडू निघतो, आणि कडू दोडका किंवा दुधी "एवढा कष्टाने आणलाय" म्हणून खाऊ नये. तो विषबाधा करू शकतो.

आणि घोळ. मी उपटून टाकत होते तीच आता आठवड्यातून एकदा ठरलेली असते. तूरडाळ आणि मूठभर ज्वारीच्या कण्या शिजवून, त्यात चिरलेली घोळ घालून रवीने घोटायची आणि वर ठेचलेल्या लसणाची तेलकट फोडणी द्यायची. सोबत भाकरी आणि कांदा. घोळ मुळातच आंबूस असल्याने चिंच लागत नाही. पाण्याचा ताण असला की ही वनस्पती हवेतला वायू रात्री आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा तो वापरून टाकते, म्हणून सकाळी तोडलेली घोळ संध्याकाळच्या घोळीपेक्षा आंबट लागते. सासूबाईंना यातले शास्त्र ठाऊक नाही, पण "घोळ उन्हं यायच्या आत आणावी" हे त्या पहिल्यापासून सांगतात. नवख्यांनी तोडताना देठ मोडून पाहावे. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ही भाजी बेतानेच खावी.

पैसे वाचतात का, असे कोणी विचारले तर मी नाही म्हणते. निदान सुरुवातीची दोन वर्षे तरी नाही, आणि कोकोपीटच्या पिशव्या, रंगीत कुंड्या असा थाट केला तर कधीच नाही.

यंदा वरच्या फांदीवरचा एक सरळसोट दोडका आम्ही बियासाठी मुद्दाम वेलावर ठेवला आहे. सासूबाईंनी त्याला लाल चिंधी बांधली आहे, म्हणजे घाईत माझा हात त्याच्यावर जाणार नाही. मेअखेर तो तपकिरी होऊन वाळेल, हलवला की आत खुळखुळेल. ज्यांना बी हवे असेल त्यांनी तेव्हा घरी यावे. येताना रिकामी काडेपेटी आणावी, कारण मागच्या वर्षी कागदात बांधून दिलेले बी दोघांनी पँटच्या खिशातच धुऊन टाकले.