आपण सगळे घरचेच

आज दुपारी आमच्या पालक संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून एक आई बाहेर पडली. काही न लिहिता. पाठोपाठ कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या आणि विषय संपला. माझा संपलेला नाही, म्हणून लिहितेय.

गेल्या सभेत तिने विचारलं होतं, "वाचनालयासाठी जमवलेल्या पैशांचं काय झालं?" अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. आवाज चढवला नव्हता. अध्यक्ष म्हणाले, "ताई, आपण सगळे घरचेच आहोत, हिशेब कसले मागता?" लोक हसले. ती खाली बसली. मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर होते आणि गप्प राहिले.

घरचे म्हणे! अहो, घरात तरी असं चालतं का?

सभेची सूचना आदल्या रात्री येते. विषयपत्रिका नसतेच. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, हा कुठल्याही सभेचा पहिला विषय. आमच्याकडे दोन वर्षांत ते एकदाही वाचलं गेलं नाही, कारण लिहिलेलंच नसतं. मग मागे काय ठरलं होतं, ते ज्याचा आवाज मोठा तो सांगणार. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, कोण मोजतंय? महत्त्वाचं सगळं आयत्या वेळच्या विषयांत येतं, निम्मे पालक मुलांना घ्यायला उठून गेल्यावर, आणि मंजूरही होतं. बँकेच्या खात्याला दोन सह्या ठेवतात त्या एकाच्या खर्चावर दुसऱ्याची नजर राहावी म्हणून. आमच्याकडे दुसरी सही कोऱ्या चेकांवर आधीच करून ठेवतात. वेळ वाचतो, असं खुद्द खजिनदारांनीच मला कौतुकाने सांगितलं.

ही मंडळी बिनपगारी राबतात, मान्य. स्नेहसंमेलनाच्या रात्री अध्यक्ष स्वतः खुर्च्या उचलत होते, तेही मी पाहिलंय. पण खुर्च्या उचलणाऱ्याला हिशेब विचारायचा नाही, हे कधी ठरलं? कुठल्या सभेत? सूचक कोण, अनुमोदक कोण?

पैसे कुणी खाल्ले असं मला वाटत नाही. बहुतेक खात्यात तसेच पडून असतील. राग त्याचाच जास्त येतो. इतके जमले, इतके खर्च झाले, इतके शिल्लक, या पावत्या. एवढं सांगितलं असतं तर तिचं समाधान झालं असतं आणि पुस्तकांना कव्हरं घालायला तीच पहिली आली असती. कारण ती भांडायला आलीच नव्हती. तिने आधी नमस्कार केला होता, मग विचारलं होतं. आणि आपण हसलो.

"पुढे यायला कुणी तयारच नसतं," हे कार्यकारिणीचं नेहमीचं रडगाणं. खोटं नाही ते. निवडणूक दरवर्षी बिनविरोध होते. पण जी पुढे आली होती तिचं आपण काय केलं?

संध्याकाळी माझी लेक म्हणाली, "आई, तिची आई आता शाळेत येणार नाहीये." तिची मुलगी आणि माझी, दोघी एका बाकावर बसतात. मला पुढे बोलताच येईना.

सचिवांच्या नावाने अर्ज लिहून ठेवलाय. सभेची सूचना विषयांसकट आठवडाभर आधी द्या, इतिवृत्त लिहा आणि वाचा, जमाखर्च सूचना फलकावर लावा, कोऱ्या चेकांवर सह्या बंद करा. वाचनालयाचा प्रश्न तिच्याच शब्दांत घातलाय. या ग्रुपमधले जे कुणी माझ्या मित्रयादीत आहेत, त्यांनी सही करायला उद्या शाळा सुटताना गेटपाशी भेटा. "नंतर बघू" म्हणू नका.

तिला आत्ता फोन लावला होता, उचलला नाही. जेवणं झाली की पुन्हा लावते. आधी त्या दिवशी गप्प बसल्याबद्दल माफी मागणार आहे. अर्जाचं नंतर.