नोकऱ्या कसल्या, तेही लिहा

नवा पॅकेजिंग कारखाना येतोय, गोमंतकीयांना रोजगार मिळणार, ही बातमी वाचून बरं वाटलं. 2012 साली आणि मग मार्च 2018 मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा आमच्या डिचोली-सत्तरीत ट्रक दारात गंजत उभे राहिले. त्यामुळे कारखाना म्हटलं की कान टवकारतातच. शिवाय वेर्णा, कुंडईला औषध कंपन्या आहेत, त्यांना खोकी, लेबलं रोजची लागतात. गिऱ्हाईक दाराशीच.

पण नोकऱ्या कसल्या, हे बातमीत कुठंच नाही. मी स्वतः एका खोक्यांच्या कारखान्यात बारा वर्षं काढली, त्यातली नऊ कंत्राटदाराच्या हजेरीवर. खोकं दिसतं साधं. आत दोन कागदांच्या मध्ये नागमोडी थर, त्याला फ्लूट म्हणतात, सगळी ताकद त्याची. जुलैत कागद ओल धरतो, खळ लवकर सुकत नाही. सकाळी रचलेल्या थप्पीतली खालची खोकी संध्याकाळपर्यंत दबून बसलेली असायची. माल परत आला की बोलणी आम्हाला, जणू पाऊस आम्हीच पाडला!

तेव्हा एवढं विचारून छापा: आयटीआय झालेल्या पोरांना मशीनवर घेणार की नुसतं खोक्यांना पट्ट्या मारायला? कायम किती, कंत्राटी किती? आणि दुसरी पाळी सुटल्यावर वाळपईकडे जायला कंपनीची बस आहे का? आमच्या वेळी नव्हती. मुलींनी ती पाळी करायची कशी?