कार्ड आहे, नाव नाही

मतदान कार्ड जपण्याच्या बाबतीत ठाणेकरांचा हात कुणी धरणार नाही. कार्ड लॅमिनेट केलेलं, ते रेशनकार्डाच्या घडीत, रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी कपाटाच्या लॉकरमध्ये, दागिन्यांशेजारी. एवढा बंदोबस्त पाहिला की मला त्या कार्डाची दया येते. मत कार्डाला नसतं, यादीतल्या नावाला असतं. नाव असेल तर कार्ड हरवलं तरी लोकसभा-विधानसभेला आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन्स असे 12 पर्याय चालतात. नाव नसेल तर लॉकरमधलं कार्ड घेऊन आल्या पावली परत. आणि हातात मिळालेली मतदार चिठ्ठी म्हणजे ओळखपत्र नव्हे, हे सांगून सांगून केंद्रावरच्या माणसांचा घसा बसतो तो वेगळाच.

म्हणून आधी यादी बघावी. कार्डावर तीन अक्षरं आणि सात आकडे असतात, ते निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर टाकले की मिनिटभरात निकाल. कार्ड ‘एमटी’ने सुरू होणारं, तिरक्या रेघांचं जुनं असेल तर तो क्रमांक सहसा सापडत नाही, मग नावाने शोधायचं. इथे खरी गंमत. इंग्रजीत भरलेलं नाव संगणक आपल्या मर्जीने मराठीत आणतो आणि काळ्यांचे काले किंवा कळे होऊन बसतात. तेव्हा स्पेलिंगशी थोडा जुगार खेळावा लागतो.

तरीही सापडलं नाही तर यादीची पीडीएफ उतरवायची. ती म्हणजे पानांचे नुसते फोटो, त्यामुळे त्यात शब्द शोधायची सोय नाही. एका पानावर 30 चौकटी. प्रत्येकीत नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. बोट ठेवून वाचत जायचं. चौकटीवर आडवा शिक्का दिसला की समजायचं, नाव उडालं. का उडालं त्याचं एक इंग्रजी अक्षर असतं: ई म्हणजे मयत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार, एम म्हणजे सापडत नाही, क्यू म्हणजे अपात्र. धडधाकट माणसाने स्वतःच्या नावापुढे ई वाचण्यात जी मजा आहे ती कुठल्याच विनोदात नाही.

बहुतेक नावं मात्र एसमध्ये जातात, आणि त्याला कारण आपलं रिडेव्हलपमेंट. नौपाड्यातली जुनी इमारत पाडली, बिऱ्हाडं भाड्याने घोडबंदर रोडला गेली. यादीची पडताळणी करणारा बीएलओ, म्हणजे बहुधा एखादी शिक्षिका किंवा अंगणवाडीताई, हातात यादी घेऊन येते तेव्हा तिला पत्र्याचं कुंपण दिसतं आणि कुंपणाआड एक वॉचमन. वॉचमनचं उत्तर ठरलेलं: ‘सब चले गए.’ आता त्या बिचारीने काय लिहावं?

खरं तर पत्ता बदलला की फॉर्म 8 भरायचा. 2022 पासून स्थलांतर, दुरुस्ती, कार्ड बदलून घेणं आणि दिव्यांगत्वाची नोंद ही चारही कामं त्या एकाच फॉर्मवर होतात. पण आपल्याकडे फॉर्म म्हटला की 6, तो हातात पडला की भरून मोकळे! फॉर्म 6 नव्या मतदाराचा. त्यात आपलं नाव दुसरीकडे कुठेही नाही असं लिहून द्यावं लागतं, आणि नौपाड्यातलं नाव तर तसंच उभं असतं. दोन नावं झाली की दुबार. खोटं लिहून दिल्याबद्दल 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 31 मध्ये वर्षभरापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे, हे फॉर्म वाटणारा कार्यकर्ता सांगत नाही.

पुराव्याला आधार, पासपोर्ट, चालू पासबुक, वीज-पाणी-गॅसचं बिल चालतं. भाडेकरूचं घोडं बिलावर अडतं, कारण ते घरमालकाच्या नावाने येतं. त्याने नोंदणी केलेला भाडेकरार जोडावा. ‘नोंदणी केलेला’ यावर माझा जोर आहे. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर एजंटाने टाइप करून दिलेला कागद तिथे चालत नाही. फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, समोर बघणारा. लग्नाच्या फोटोतून कापलेला चेहरा, ज्यात शेजारच्याचा खांदाही येतो, तो नको.

नवी मुंबईत पत्त्याचं दुखणं निराळं. सेक्टर 10 वाशीतही आहे आणि नेरुळमध्येही, तेव्हा नोडचं, म्हणजे वाशी-नेरुळसारख्या उपनगराचं, नाव लिहिल्याशिवाय फॉर्म कुठल्या कुठे जातो. खारघरवाले तर पत्त्यात अभिमानाने ‘नवी मुंबई’ लिहितात आणि मत देतात पनवेल महापालिकेला, जिल्हा रायगड. ऐरोली 150 आणि बेलापूर 151, हे मतदारसंघांचे आकडे पाठ असलेले बरे.

अर्ज गेला की संदर्भ क्रमांक येतो, तो जपावा (लॉकर इथे कामाला येईल). सात दिवस हरकतींसाठी, मग बीएलओची फेरी. ती अकराच्या सुमारास येते. तेव्हा अख्खं घर ऑफिसात आणि दाराला कुलूप. सोसायटीच्या ऑफिसात आणि शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवावं. ठाणे-नवी मुंबईची निम्मी लोकशाही या काकूंच्या दुपारच्या झोपेवर अवलंबून आहे असं माझं ठाम मत आहे. अर्ज फेटाळला तर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

अपील राहिलं बाजूला, आपण धरतो नगरसेवकाला. तो महासभेत यादीच्या घोळावर तावातावाने बोलतो, बाकं वाजतात, महापौर ‘बसा, बसा’ म्हणतात. पण महापालिकेला यादीत एकही नवं नाव घालता येत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात, आणि हरकत घेता येते ती चुकीच्या प्रभागाची, विधानसभेच्या यादीत असून प्रभागाच्या यादीतून गळालेल्या नावाची किंवा लेखनिकाच्या चुकीची. 15 जानेवारी 2026 ला ठाण्याच्या 131 आणि नवी मुंबईच्या 111 जागांसाठी मतदान झालं ते 1 जुलै 2025 च्या यादीवर, त्यात संशयित दुबारांपुढे दोन-दोन तारे. ऑगस्टमध्ये अठराचा झालेला मुलगा लायसन्स काढू शकत होता, करार करू शकत होता. प्रभागापुरता मात्र तो अल्पवयीनच राहिला.

यादीचं महत्त्व सगळ्यात झटपट कळतं ते रबाळे-महापे-तुर्भे पट्ट्यातल्या कारखान्यांत. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला भरपगारी सुट्टी हा कामगाराचा हक्क आहे, 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 135 बी. रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाचा पगार मिळतो. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल, तेवढा अपवाद. मालकाने सुट्टी नाकारली तर दंड 500 रुपयांपर्यंत, म्हणजे कॅन्टीनचं एका सकाळचं चहाचं बिल याहून मोठं. त्यामुळे सुट्टी मिळते ती दंडाच्या धाकाने कमी आणि युनियनच्या रेट्याने जास्त. पण कलमाचे शब्द नीट वाचावेत: सुट्टी मतदानाचा हक्क असलेल्याला आहे. यादीत नाव नाही, तर कायद्याने सुट्टीही नाही. युनियनच्या बोर्डावर एवढी एक ओळ खडूने लिहिली की जेवणाच्या सुट्टीत फॉर्मसाठी रांग लागते.