‘तीन महिने गाडी नुसती उभी करून ठेवली’: दोन तारे देणाऱ्या ग्राहकाला गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. लगेच उत्तर लिहायला बसलोही होतो, पण डोकं तापलेलं असताना लिहू नये म्हणून फोन बाजूला ठेवला. ते बरंच झालं. काल तुमची गाडी पुन्हा रॅम्पवर घेतली आणि परवा जे लिहिणार होतो त्यातलं निम्मं आज मला गिळावं लागलं असतं.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. यांनी हिवाळ्याच्या तोंडावर आपली मोटरसायकल आमच्याकडे ठेवायला दिली. सोबत तीन कामं सांगितली: हेडलाइटला एलईडी बल्ब, हँडलला गरम होणाऱ्या ग्रिप आणि पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, एक दात कमी. तक्रारी अशा आहेत की तीन महिन्यांत आम्ही गाडी एकदाही चालू केली नाही, एलईडी बसवलाच नाही, न सांगितलेली कामं करून बिल अंदाजाच्या दीडपट केलं, गाडी नऊ दिवस उशिरा दिली आणि घरी नेल्यावर बाराव्या दिवशी बॅटरी बसली.

पहिल्या तक्रारीचं उत्तर सरळ आहे. हो, चालू केली नाही, आणि मुद्दामच केली नाही.

आठवड्यातून एकदा पाच मिनिटं सेल्फ मारून गाडी घुमवायची, म्हणजे ‘इंजिन मोकळं राहतं’, हे मीही शिकाऊ असताना ऐकलंय आणि वर्षानुवर्षं केलंय. पण एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. रस्त्यावर अर्धा तास चाललेल्या गाडीत ती वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. थंडीत जागच्या जागी पाच मिनिटं घुमवली तर सायलेन्सर गरमच होत नाही, वाफ आतच थिजते आणि पत्रा आतून सडायला लागतो. थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्येही उतरते. अशा दर आठवड्याला ‘मोकळ्या’ केलेल्या इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण कधी उघडून बघा. आतल्या बाजूला पिवळसर पांढरा, फेसासारखा चिकट थर बसलेला असतो. पाणी आणि ऑइल घुसळून झालेलं लोणीच ते. शिवाय सेल्फ एकदा मारला की बॅटरीतून जेवढं जातं तेवढं पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये परत भरत नाही. दर आठवड्याला ती थोडी थोडी रिकामीच होत जाते. गाडी गरम करायची असेल तर रस्त्यावर काढून नीट चालवायची, नाहीतर हात लावायचा नाही.

त्याऐवजी आम्ही काय केलं ते जॉब कार्डवर आहे. गाडी आली त्याच दिवशी इंजिन गरम करून ऑइल आणि फिल्टर बदलला. लोक हे काम सीझन सुरू होताना करतात. पण वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेलं आम्ल आणि ओल असते, आणि ती तीन महिने बेअरिंगना लागून राहणार असते. म्हणून नवं ऑइल गाडी उभी करण्याआधी. टाकी काठोकाठ भरली, त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं औषध) टाकला आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं, म्हणजे औषध घातलेलं पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोचतं. आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि ओल फार झाली की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. सीझनच्या पहिल्या दिवशी इंजिनाला आधी तेच मिळतं. दोन्ही चाकं जमिनीवरून उचलून गाडी स्टँडवर घेतली. बॅटरी काढून आत टेबलावर मेंटेनर चार्जरला, म्हणजे बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणाऱ्या चार्जरला, लावली. हवेच्या फिल्टरच्या तोंडाला आणि सायलेन्सरला फडकी कोंबली आणि हँडलला ‘फडकी काढा’ अशी लाल चिठ्ठी बांधली. एका हिवाळ्यानंतर माझ्या स्वतःच्या गाडीच्या फिल्टर बॉक्समध्ये उंदराचं अख्खं बाळंतपण झालेलं सापडलं होतं. फिल्टरचा कागद कुरतडून त्यांनी गादी केली होती. तेव्हापासून फडकी आणि चिठ्ठी दोन्ही.

आता न सांगितलेली कामं. ही तीन होती.

चेनसेट आधी घेतो. तुमचं म्हणणं की मागितलं एक स्प्रॉकेट आणि बसवला चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटचा अख्खा सेट. जुनी चेन ताणून मोजली. वीस कड्यांचं अंतर नव्या चेनमध्ये ३१७.५ मिलिमीटर असतं, तुमचं ३२४ भरलं, म्हणजे चेन दोन टक्के ताणलेली. अशी चेन नव्या दातांवर नीट बसतच नाही. तुमचं नवं स्प्रॉकेट एका सीझनमध्ये जुन्यासारखं झालं असतं. जाता जाता एक गोष्ट, जी गाडी देताना सांगायला हवी होती: पंधराचे चौदा दात केले की त्याच गिअरमध्ये त्याच वेगाला इंजिन सात टक्के जास्त फिरतं. तुमच्या गाडीत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर आहे, त्यामुळे आता काटाही तेवढाच जास्त वेग दाखवणार. मीटर बिघडलेलं नाही.

ब्रेक ऑइल. ‘ब्रेक उत्तम लागत होते’ असं तुम्ही लिहिलंय, आणि ते खरंच लागत होते. पण डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि त्यात ओल मुरली की तीच किमान मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. गाडी उभी असली तरी ओल मुरतच असते. शहरात फिरताना फरक कळत नाही. लांब घाट उतरताना कॅलिपर (ब्रेकची डिस्क दाबून धरणारा भाग) तापतो, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर हँडलला टेकतो. दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. तुमच्या ब्रेक ऑइलच्या टाकीवरच्या चिठ्ठीनुसार चार वर्षं झाली होती आणि ऑइल काळपट तपकिरी झालं होतं.

टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह (झडपा) दाबणारे भाग. इथे तुमचा राग मला सगळ्यात जास्त कळतो, कारण ‘आवाज येत नव्हता, तरी इंजिन उघडलं’ हे ऐकायला भयंकर वाटतं. पण आवाज करतात ते सैल टॅपेट. घट्ट होत चाललेले गप्प असतात, आणि घात तेच करतात. व्हॉल्व्ह हळूहळू आपल्या बैठकीत रुतत जातो, टॅपेटच्या मधली फट कमी होते आणि एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मिटतो तेव्हाच त्याची उष्णता बैठकीत उतरते. मिटला नाही की तो जळतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकात एक्झॉस्टची फट ०.२० ते ०.३० मिलिमीटर दिली आहे. दोन व्हॉल्व्हना ०.१५ चं मोजपातं अडकत सरकत होतं. हे माप रात्रभर थंड पडलेल्या इंजिनावरच घेता येतं, आणि शिम, म्हणजे फट जुळवायच्या पातळ चकत्या, मागवाव्या लागतात, म्हणून हे हिवाळ्यातलंच काम. त्या शिम यायला वेळ लागला, नऊ दिवसांतले सहा त्यातच गेले. उरलेले तीन दिवस आमच्या गर्दीचे, त्याला सबब नाही.

एवढं सगळं बरोबर असूनही तुमची तक्रार खरी आहे. तिन्ही कामांआधी तुम्हाला फोन जायला हवा होता. कार्डवर ‘ग्राहकाला कळवणे’ असं लिहून त्यापुढे खूण केलेली आहे. मी विचारलं तर कामावरचा मुलगा म्हणतो त्याने खूण केली, फोन ‘नंतर करू’ म्हणून राहिला. गाडी तुमची आहे, उघडायची की नाही हे तुम्ही ठरवायचं. टॅपेट आणि ब्रेक ऑइलची मजुरी मी बिलातून काढली आहे, सामानाचं तेवढं ठेवलंय. जुनी चेन, दोन्ही स्प्रॉकेट आणि जुन्या शिम खोक्यात आहेत, हव्या तर घेऊन जा.

एलईडीबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. तुमच्या हेडलाइटची काच आणि आतला आरसा हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेला आहे. प्रकाश नेमक्या त्या बिंदूतून निघाला तरच झोत रस्त्यावर पडतो. बाजारातल्या एलईडी बल्बमधले चिप त्या जागी अचूक बसतातच असं नाही, त्यामुळे भिंतीवर भरपूर उजेड दिसतो आणि रस्त्यावर तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बऱ्याच देशांत असा बल्ब रस्त्यावर चालतच नाही. पण तुम्हाला रात्री दिसत नाही ही अडचण खरी होती, म्हणून बल्बपाशी मल्टिमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, आणि बल्बपर्यंत पोचत होते ११.२. बाकीचं जुन्या स्विचमध्ये आणि बारीक वायरीत गळत होतं. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. इथे तर त्याच्या जवळपास दुप्पट पडलं होतं. जाड वायर आणि रिले (बारीक करंटवर चालणारा, जास्त करंट सोडणारा स्विच) टाकून बल्बवर १३.४ आणले. बिलात ते ‘हेडलाइट वायरिंग’ एवढ्याच दोन शब्दांत लिहिलंय. वाचणाऱ्याला काय कळणार त्यातून.

शेवटी बॅटरी. तुम्ही फोन केलात तेव्हा मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, ‘साहेब, आमच्याकडून १२.८ व्होल्टने गेलीय, तुमच्या ट्रॅकरने (गाडी कुठे आहे ते दाखवणाऱ्या यंत्राने) खाल्ली असेल.’ १२.८ चा आकडा खरा होता, तीन महिने ती मेंटेनरवरच होती. बाकीचं मी न बघता बोललो.

काल किल्ली काढून, बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर लावून मोजलं. ३२ मिलिअँपिअर जात होते. एकेक फ्यूज काढत गेलो. ट्रॅकरचा काढला, आकडा जवळजवळ हललाच नाही. ग्रिपचा काढला आणि मीटर २ वर आला. ग्रिप आमच्या कामावरच्या मुलाने किल्लीच्या लाइनऐवजी थेट बॅटरीवर जोडल्या होत्या. ग्रिप बंद असल्या तरी त्यांचा कंट्रोलर ३० मिलिअँपिअर खात बसतो. चोवीस तासांचे ७२० मिलिअँपिअर-तास. तुमची बॅटरी ९ अँपिअर-तासांची. पहिल्या दिवशी एक फेरी मारून गाडी उभी राहिली होती, असं तुम्ही लिहिलंय. भागाकार करून बघा, बारा दिवस आणि वर थोडंसं. तुम्ही लिहिलेला ‘बारावा दिवस’ इतका चोख होता की मी तोच आधी मांडायला हवा होता.

चूक आमची. फोनवरच्या बोलण्याबद्दल माफी मागतो. पूर्ण उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी परत चार्ज झाली तरी पहिल्यासारखी राहत नाही, म्हणून नवी टाकली आहे, आमच्या खर्चाने. ग्रिप आता रिलेवर आहेत, किल्ली काढली की त्यांचा पुरवठा बंद होतो.

रिव्ह्यू काढा किंवा बदला असं मी म्हणणार नाही. गाडी आत्ता रॅम्पवरून उतरवून कोपऱ्यात उभी आहे. काल रात्री शटर ओढताना बॅटरी १२.८ होती, आज सकाळीही १२.८. अजून दोन रात्री तशीच ठेवून बघतो आणि मग फोन करतो. या वेळी मी स्वतः.